गिटारला अँबियंट रिव्हर्ब: फुकट सॉफ्टवेअरवर कुठवर जाता येतं?

सहावी_तार

मंडळी, माझ्याकडे इलेक्ट्रिक गिटार, एक छोटा ऑडिओ इंटरफेस आणि लॅपटॉपवर ऑडॅसिटी हे रेकॉर्डिंगचं फुकट सॉफ्टवेअर, एवढाच संसार आहे. पेडल एकही नाही आणि इतक्यात घ्यायचंही नाही. मला जो आवाज हवाय त्यात तार छेडल्याचा ठोका ऐकूच येऊ नये. सूर अलगद वर यावा, पसरावा आणि पुढचा सूर येईपर्यंत रेंगाळावा.

ऑडॅसिटीतला रिव्हर्ब, म्हणजे आवाजाला घुमारा देणारा इफेक्ट, लावून पाहिला. 'कॅथेड्रल' प्रीसेट घेतला की तिसऱ्या कॉर्डपर्यंत सगळं गढूळ होतं. कमी करत गेलं की थेट 'बाथरूम'. मधलं काही सापडत नाही. शिवाय शेवटच्या कॉर्डचा घुमारा मध्येच तुटतो. हे सॉफ्टवेअरचं दुखणं आहे की फुकटात एवढंच मिळतं?

निषाद

शेपटी, म्हणजे शेवटचा घुमारा, तुटते त्याचं उत्तर सोपं आहे. ऑडॅसिटीतला इफेक्ट तुम्ही जेवढा भाग निवडता तेवढ्यावरच चालतो. कॉर्ड जिथे संपली तिथेच निवड संपली, तर घुमाऱ्याला जागाच उरत नाही. रेकॉर्डिंगच्या शेवटी 'जनरेट'मधून दहा-पंधरा सेकंदांची शांतता जोडा, तीही निवडीत घ्या आणि मग रिव्हर्ब लावा.

दुसरं, गिटार मोनो ट्रॅकवर रेकॉर्ड झाली असणार. मोनोवर लावलेला रिव्हर्ब मोनोच राहतो, 'स्टिरिओ विड्थ' शंभरावर असली तरी. ट्रॅकची नक्कल काढा, दोन्ही जोडून स्टिरिओ ट्रॅक करा, मग बघा कसा उघडतो ते.

तिसरं, मूळ ट्रॅकला हातच लावू नका. नकलेवर 'वेट ओन्ली'ला (नुसता घुमारा, मूळ आवाज नाही) टिक करून रिव्हर्ब लावा. मग खाली कोरडी गिटार, वर नुसता घुमारा, आणि दोघांचं प्रमाण फेडरवर (आवाजाच्या सरकपट्टीवर) कधीही बदलता येतं. ३.२ आवृत्तीपासून (२०२२) रिअल-टाइम इफेक्ट आलेत, त्यामुळे वाजत असतानाच स्लायडर हलवता येतात. पण रेकॉर्ड करताना स्वतःच्या कानात तो इफेक्ट ऐकू येत नाही, हे धरून चाला.

खर्ज

निषादशी सहमत. गढूळपणाबद्दल थोडं लिहितो, कारण खरी मेख तिथे आहे.

ऑडॅसिटीचा रिव्हर्ब फ्रीव्हर्ब नावाच्या जुन्या, सार्वजनिक मालकीच्या अल्गोरिदमवर उभा आहे. प्रत्येक बाजूला आठ कोंब फिल्टर समांतर आणि त्यांच्यापुढे चार ऑलपास (आवाज पसरवणारे फिल्टर) एकामागून एक. मूळ कल्पना ध्वनिसंशोधक मॅनफ्रेड श्रोडर यांची, १९६० च्या दशकाच्या सुरुवातीची. कोंब फिल्टर म्हणजे स्वतःलाच परत परत खायला घालणारा छोटा डिले (आवाज थोड्या वेळाने परत ऐकवणारा). आठांची लांबी वेगवेगळी ठेवली की पुनरावृत्ती एकमेकांत मिसळतात. यात हलतं काही नाही, म्हणजे मॉड्युलेशन नाही. त्यामुळे शेपटी खूप लांबवली की तिच्यात धातूसारखा एक ठरावीक सूर ऐकू येऊ लागतो. मोठ्या अँबियंट आवाजासाठी हा रिव्हर्ब एकट्याने का पुरत नाही, ते यावरून कळेल.

पण गढूळपणा अल्गोरिदममुळे येत नाही, तुम्ही आत काय पाठवता त्यामुळे येतो. खऱ्या मोठ्या जागेत खालचे सूर सगळ्यात जास्त टिकतात. स्कॉटलंडमधल्या इंचिनडाउन इथल्या युद्धकाळातल्या भूमिगत तेलटाक्यांमध्ये ध्वनिशास्त्रज्ञ ट्रेव्हर कॉक्स यांनी मोजणी केली, तेव्हा १२५ हर्ट्झला घुमारा ६० डेसिबलने उतरायला ११२ सेकंद लागले. सगळ्या पट्ट्यात मिळून मोजला तर ७५. वरचे सूर हवाच खाऊन टाकते, खालचे भिंती परतवत राहतात. आता गिटारची सहावी तार ८२ हर्ट्झची. ती तुम्ही ऐसपैस वाजवून कॅथेड्रलमध्ये पाठवलीत, तर दोन कॉर्डनंतर खाली नुसता साठा होणार.

म्हणून रिव्हर्बच्या नकलेवर आधी हाय-पास फिल्टर (खालचे सूर कापणारा) लावा. बिचकत बिचकत ८० हर्ट्झला नको, चांगला ३०० ते ४०० हर्ट्झला. ऐकताना नकलेचा आवाज पत्र्यासारखा वाटेल. वाटू दे. भरीवपणा कोरडी गिटार देते. वरूनही ५-६ किलोहर्ट्झला कापा, पिकचा किरकिराट शेपटीत जात नाही. ऑडॅसिटीच्याच रिव्हर्बमध्ये 'टोन लो' खाली आणून थोडाफार असाच परिणाम मिळतो, पण वेगळा फिल्टर जास्त ताब्यात राहतो.

जुनापुराणा

सगळं ठीक आहे, पण या रिव्हर्बच्या नादात पोरं वाजवायचं विसरतात. दोन कॉर्ड आणि आठ सेकंदांची शेपटी, झालं अँबियंट! कच्चा हात झाकायला याच्याइतकं सोयीचं पांघरूण नाही.

मध्यरात्रीचा_मिक्स

@जुनापुराणा, उलट आहे हो. कोरड्या वाजवण्यात चुकीचा सूर लागला तर तो पाव सेकंदात जातो. इथे तो आठ सेकंद तुमच्याकडे बघत बसतो.

जुनापुराणा

हा मुद्दा मान्य. मग कॉर्ड कोणत्या घ्यायच्या तेही सांगा की त्याला, नुसते फिल्टर काय सांगताय.

मध्यरात्रीचा_मिक्स

सांगतो. लांब शेपटीत कॉर्ड बदलली की आधीची कॉर्ड अजून वाजतच असते. म्हणजे ऐकणाऱ्याच्या कानावर दोन्हींची बेरीज पडते. सी मेजरवरून ई मायनरवर गेलात तर ई आणि जी दोन्हींत आहेत, फक्त सी आणि बी एकमेकांना घासतात, आणि ते घासणं गोडच लागतं. सी मेजरवरून सी शार्प मेजरवर गेलात तर देवच पावला.

म्हणून: सहाच्या सहा तारा छेडू नका. दोन किंवा तीन सूर, वरच्या चार तारांवर. तिसरा सूर गाळून दुसरा किंवा चौथा घ्या (सस-टू, सस-फोर), म्हणजे मेजर-मायनरचं भांडणच उरत नाही. एखादी मोकळी तार सगळ्या कॉर्डमध्ये तशीच वाजत ठेवा, षड्ज धरून ठेवल्यासारखी. बदल होतो पण जमीन हलत नाही. आणि कॉर्ड बदलायची घाई करू नका. शेपटी निम्म्यावर आली की पुढची.

आता प्लगिन, म्हणजे सॉफ्टवेअरला बाहेरून जोडायचे इफेक्ट. व्हॅलहाला सुपरमॅसिव्ह. २०२० पासून फुकट आहे, विंडोज आणि मॅक दोन्हींवर चालतं, ऑडॅसिटीतही उघडतं. फुकट असूनही पैसे देऊन घेतलेल्या कित्येक रिव्हर्बच्या तोंडात मारेल असं आहे. लोक उघडतात, प्रीसेट चाळतात, 'भारी आहे' म्हणतात आणि बंद करतात. आतली गंमत 'वॉर्प'मध्ये आहे. वॉर्प शून्यावर असताना आतले सगळे डिले एकाच लांबीचे असतात, म्हणून स्वच्छ प्रतिध्वनी ऐकू येतात. वॉर्प वाढवत नेला की त्या लांब्या पांगतात आणि प्रतिध्वनी विरघळून रिव्हर्ब बनतो. दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी, जिथे ताल अर्धवट ओळखू येतो, तिथे थांबून बघा.

मोडला बहुतेक तारकासमूहांची नावं आहेत. जेमिनी पटकन उठतो आणि लवकर संपतो. सॅजिटेरियस सावकाश उठतो, लांब राहतो. अँड्रोमेडा तर इतका सावकाश येतो की तार छेडल्यावर क्षणभर वाटतं केबल निघाली. तुम्हाला ठोका नको आहे ना? मग शेवटच्या दोघांपासून सुरुवात करा. 'फीडबॅक' शंभराच्या जवळ नेला की शेपटी जवळजवळ संपतच नाही, ते गाण्यात वापरण्याआधी फेडरवर बोट ठेवा.

गोगलगाय

वाचनखूण साठवली आहे. बाळबोध प्रश्न: डिले आधी की रिव्हर्ब आधी?

मध्यरात्रीचा_मिक्स

डिले आधी. डिलेतून आलेला प्रत्येक प्रतिध्वनी रिव्हर्बमध्ये पसरतो आणि शेपटीला आतून हालचाल मिळते. उलट केलंत तर आख्खा घुमारा परत परत येतो, तोही एक परिणाम आहे पण पटकन जड होतो.

डिलेची वेळ तालातून काढा. ६०,००० ला बीपीएमने (मिनिटाला किती ठोके, त्या आकड्याने) भागा. ७२ बीपीएमला एक ठोका ८३३ मिलिसेकंदांचा. त्याचा पाऊण भाग, म्हणजे ६२५, लावला की प्रतिध्वनी ठोक्यांच्या मधल्या फटीत पडतात आणि दोनच सूर वाजवून भरगच्च वाटतं. तीन-चार पुनरावृत्ती पुरेत.

लिनक्सवाला

नेहमीप्रमाणे लिनक्सला कोणी विचारत नाही, म्हणून मीच लिहितो.

ड्रॅगनफ्लाय रिव्हर्ब. पूर्ण मुक्तस्रोत, लिनक्स-विंडोज-मॅक तिन्हींवर. हॉल, रूम, प्लेट आणि अर्ली रिफ्लेक्शन्स अशी चार वेगळी प्लगिन. आपल्याला हॉल हवा. यात 'लो क्रॉस' आणि 'लो मल्टि' असे दोन नॉब आहेत. खर्ज वर जे तेलटाक्यांचं सांगतायत ना, त्याचा हा थेट इलाज. लो क्रॉस ४०० च्या आसपास ठेवा आणि लो मल्टि एकाच्या खाली आणा. त्या रेषेखालचे सूर बाकीच्यांच्या आधी विझतात. फिल्टरने खालचा भाग मुळातच कापावा लागत नाही, तो असतो, फक्त साचत नाही. माझ्या मते हाय-पासपेक्षा हे जास्त नैसर्गिक ऐकू येतं. 'स्पिन' आणि 'वाँडर' शेपटीला किंचित हलतं ठेवतात, धातूचा सूर येत नाही.

वाजवतानाच ऐकायचं असेल तर ऑडॅसिटी सोडा. गिटारिक्स हा फुकट अँप आहे, पुढे आर्डर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये ट्रॅक घ्या (तयार बांधणीला पैसे मागतात, पण बहुतेक वितरणांच्या भांडारात फुकट मिळतो). ४८ किलोहर्ट्झला २५६ सँपलचा बफर म्हणजे ५.३ मिलिसेकंदांचा उशीर, जाता-येता दुप्पट आणि वर थोडं. बोटांना फारसं कळत नाही. विंडोजवाल्यांनी वेव्हफॉर्म फ्री घ्यावा आणि इंटरफेसचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर (उशीर कमी ठेवणारा) वापरावा. मॅकवाल्यांकडे गॅरेजबँड आहेच.

खर्ज

+१. लो मल्टिचा मुद्दा मोलाचा आहे. पण कॉर्ड दर चार सेकंदांना बदलत असेल तर मी तरीही कापेन.

तिरकिट

शिमर कसा करायचा ते कोणी लिहिलंच नाही! तो वरून काचेसारखा पाझरणारा आवाज.

खर्ज

त्याची रीत जुनी आहे. ब्रायन ईनो आणि डॅनिएल लान्वा या संगीतनिर्मात्यांनी १९८० च्या दशकात पिच शिफ्टर आणि डिजिटल रिव्हर्ब एकमेकांना जोडून तो रूढ केला. रिव्हर्बमधून आलेला आवाज एक सप्तक वर ढकलायचा आणि परत रिव्हर्बमध्येच सोडायचा. प्रत्येक फेरीत आणखी एक सप्तक. म्हणून तो वर वर चढत जातो.

ऑडॅसिटीत असं गोल फिरवता येत नाही, पण दोन फेऱ्या हाताने करता येतात:

रिव्हर्बच्या नकलेची (फक्त घुमारा असलेल्या) आणखी एक नक्कल काढा. तिच्यावर 'चेंज पिच', १२ सेमीटोन वर, 'हाय क्वालिटी स्ट्रेचिंग' चालू. मग तिच्यावर पुन्हा रिव्हर्ब, 'वेट ओन्ली'. पातळी पहिल्या घुमाऱ्यापेक्षा १० ते १२ डेसिबल खाली. हवं तर हिचीच नक्कल घेऊन आणखी एक सप्तक वर, पण ती २० डेसिबल खाली आणि ५ किलोहर्ट्झच्या वर कापलेली. नाहीतर कानात सुई टोचते.

कोरड्या गिटारची पिच चढवून मग रिव्हर्ब लावू नका. पिच बदलताना तारेचा ठोका फाटका ऐकू येतो. घुमाऱ्यात ठोका उरलेलाच नसतो, म्हणून तिथे फाटकेपणा लपतो. सारी करामत या क्रमात आहे.

निषाद

ठोक्यावरून आठवलं. धागाकर्त्यांना सूर अलगद वर यायला हवा आहे, त्याचं मूळ रिव्हर्बमध्ये नाहीच. गिटारचा व्हॉल्यूम नॉब शून्यावर ठेवून तार छेडा आणि करंगळीने नॉब वर आणा. नॉब हाताशी नसेल तर रेकॉर्ड झाल्यावर प्रत्येक सुराच्या पहिल्या अर्ध्या सेकंदावर 'फेड इन'. हे रिव्हर्बच्या आधी व्हायला हवं. नंतर केलंत तर ठोका आधीच शेपटीत जाऊन बसलेला असतो. एन्व्हलप टूलने चढ काढलात तर आधी 'मिक्स अँड रेंडर' करा, मग रिव्हर्ब.

आणि असं वाजवत असाल तर प्री-डिले शून्य करा. तो ठोका आणि घुमारा यांच्यात फट पाडायला असतो. ठोकाच नाही, तर फट कशाला?

लिनक्सवाला

कन्व्होल्युशनबद्दलही लिहायला हवं. यात अल्गोरिदम नाही, एखाद्या जागेचा ठसा असतो, इम्पल्स रिस्पॉन्स. यॉर्क विद्यापीठाच्या ओपनएअर संग्रहात चर्चपासून बोगद्यांपर्यंतचे ठसे उतरवून घेता येतात. चालवायला मेल्डा कंपनीच्या फुकट संचातलं एम-कन्व्होल्युशन-ईझी किंवा लिनक्सवर एलएसपीचा इम्पल्स रिव्हर्ब.

पण खरी मजा वेगळीच. ठसा जागेचाच असला पाहिजे असं कोणी सांगितलंय? ऑडॅसिटीत स्टिरिओ ट्रॅक घ्या, डाव्या-उजव्या बाजूला वेगवेगळा निर्माण केलेला व्हाइट नॉइज भरा, दहा सेकंद. त्यावर फेड आउट, पण सरळ रेषेतला नको, आधी भराभर आणि मग हळू उतरणारा, 'अ‍ॅडजस्टेबल फेड'ने जमतो. वरचे सूर थोडे कापा. ही फाइल ठसा म्हणून कन्व्होल्युशनमध्ये भरा. जगात कुठेही नसलेला हॉल तयार, आणि धातूचा सूर औषधालाही नाही, कारण गोंगाटात पुनरावृत्तीच नसते. दोन बाजूंना एकच नॉइज वापरलात तर मात्र सगळं मधोमध अडकतं.

हाच नॉइज फेड आउटऐवजी फेड इन करून भरला तर उलटा रिव्हर्ब मिळतो. आवाज फुगत येतो आणि अचानक थांबतो.

तिरकिट

हे करून पाहिलं. कमाल आहे. नॉइजच्या जागी गिटारचीच एक कॉर्ड ठसा म्हणून भरली, तर कोणताही सूर वाजवला तरी तीच कॉर्ड मागे गुणगुणते. त्या कॉर्डबाहेरचे सूर मात्र जवळजवळ गिळले जातात.

गोगलगाय

पॉलस्ट्रेच कोणी वापरतं का? मी एक कॉर्ड ताणली तर मिनिटभराचा ढग झाला.

निषाद

वापरतो, गिटारखाली गालिचा अंथरायला. ऑडॅसिटीत आतच आहे. पाच सेकंदांची कॉर्ड आठपट ताणली की चाळीस सेकंदांचा सलग आवाज. 'टाइम रिझोल्यूशन' पाव सेकंदावर असतं, ते वाढवलं की आणखी गुळगुळीत होतं. ताणण्याआधी सुरुवातीचा ठोका कापून टाका. आणि त्यावर परत रिव्हर्ब लावायच्या फंदात पडू नका, तो आधीच पुरेसा पसरलेला असतो.

जुनापुराणा

एक सांगतो, ऐका वाटल्यास. एवढं सगळं पसरवून झालं की एकदा मोनोत ऐका. रुंदी वाढवताना डाव्या-उजव्या बाजू एकमेकांना खोडतात, आणि फोनच्या एका स्पीकरवर तुमचा आख्खा ढग गायब होतो. गिटार तेवढी कोरडी उरते, आणि मग कळतं कोणाचा हात किती पक्का ते.

मध्यरात्रीचा_मिक्स

हा हा, शेवटी टोमणा मारलातच. पण बरोबर आहे. मोनोत फार पडत असेल तर रुंदी ७०-८० टक्क्यांवर आणा.

सहावी_तार

सगळ्यांचे आभार, एवढी अपेक्षा नव्हती. हाय-पास ३५० ला, वरच्या चार तारा, नॉबने चढ, सुपरमॅसिव्ह सॅजिटेरियसवर. गढूळपणा गेला! अजून शिमरला हात घातलेला नाही.

नवीनच पीडा निघाली आहे. सूर संपल्यावर मागे एक बारीक घूं ऐकू येतो, आणि कोरड्या ट्रॅकमध्ये तो जाणवतसुद्धा नाही.

खर्ज

पिकअप सिंगल कॉइल असणार, ते हम पटकन पकडतात. विजेच्या तारांचा ५० किंवा ६० हर्ट्झचा हम आणि त्याच्या वरच्या पटी. खालचा भाग तुमच्या हाय-पासने गेला, पण पटी ३५० च्या वरही असतात आणि रिव्हर्ब त्या जमवत राहतो. लॅपटॉपपासून लांब बसा, चार्जर काढा आणि गिटार हातात धरून हळूहळू वळवा. एका कोनात हम सगळ्यात कमी होतो, तिथेच बसून वाजवा.

उरलेल्यासाठी रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला दोन सेकंद तारा दाबून काहीच न वाजवता सोडा, म्हणजे नॉब पूर्ण उघडा आणि गिटार शांत. तोच तुकडा 'नॉइज रिडक्शन'ला नमुना म्हणून द्या आणि कोरड्या ट्रॅकवर चालवा, रिव्हर्बच्या आधी. नॉइज गेट (ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणारा) लावायचा असेल तर तोही आधीच. रिव्हर्बनंतर लावलात तर तो शेपटीच छाटून टाकेल आणि तुम्ही परत इथे पहिला प्रश्न विचारायला याल. रिडक्शन १२ डेसिबलच्या वर नेऊ नका, तारांवर पाण्यातल्यासारखी किणकिण येते आणि सुपरमॅसिव्ह ती इमानेइतबारे लांबवतं.